ताईने खाल्लेल्या गोळ्या

आमच्या घरात एक गोष्ट गेली पस्तीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि जेवणावळीत सांगितली जाते, आणि ती अर्धी खोटी आहे. घडलं ते सगळं तसंच घडलं, फक्त गुन्हेगार चुकीचा धरला गेलाय. गोष्ट अशी की कुंदाताईने आपलं लग्न जमावं, गाल भरावेत म्हणून आजारी धाकट्या बहिणीच्या गोळ्या खाऊन टाकल्या आणि बहीण मरता मरता वाचली. ती धाकटी बहीण मी. आता माझी पन्नाशी जवळ आली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. एवढं वय झाल्यावर माणसाने खोटं तरी कशासाठी सांभाळायचं, म्हणून जे झालं ते लिहून टाकते.

मी बारा वर्षांची असताना माझा उजवा हात माझं ऐकेनासा झाला. घास तोंडाकडे निघायचा आणि कानावर पोचायचा. पाण्याचा पेला धरला की अर्धं पाणी परकरावर. पुढे पुढे भुवया उडायला लागल्या, जीभ आपणहून बाहेर डोकवायला लागली, एक खांदा कोणी चिमटा काढल्यासारखा वर जायचा. शाळेत गुरुजी फळ्यावर लिहून वळले की मी त्यांना वेडावून दाखवते, असं त्यांचं म्हणणं. ते छडी मारायला आले की माझा हात काही जागेवर राहायचा नाही, त्यामुळे निम्म्या छड्या हुकायच्या आणि गुरुजी आणखी पेटायचे. रात्री झोप लागली की मात्र सगळं शांत. त्यावरून आईने निकाल लावला होता, 'झोपेत बरी गप पडते. म्हंजे दिवसा नाटकं करते.' आई तशी प्रेमळ बाई, पण तिला दोन पोरी, अर्धा एकर भात आणि लोकांच्या शेतावरची मजुरी एवढं सगळं आवरायचं होतं. नाटकं बघायला तिला वेळ नव्हता.

आमची वस्ती शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पलीकडे. बाबा कल्याणला एका कारखान्यात होते. पहाटेच्या गाडीने आसनगाव, तिथून लोकल, आणि घरी यायचे तेव्हा आम्ही अर्ध्या झोपेत. घरात त्यांचा आवाज ऐकू यायचा तो रविवारी. आजोबांनी धर्म बदलला त्या दिवशी घरातले देव उचलून ओढ्यात सोडले होते, आणि तेव्हापासून आमच्या भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि कारखान्याचं कॅलेंडर, एवढंच. देव, नवस, उतारा, अंगात येणं यातलं काही घराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये, हा बाबांचा कायदा. आणि नेमक्या त्यांच्याच घरात ही पोर झुलायला लागली. शेजारची जनाकाकू, जिने जन्मात कधी आमच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं, ती एका दुपारी नारळ घेऊन आली आणि थेट माझ्या पाया पडली. 'आये, म्हस कवा विनंल आमची?' मी जिभेचं ऐकत होते, जीभ माझं ऐकत नव्हती, पण तोंडातून निघालं, 'मंगळवारी.' म्हैस मंगळवारी व्याली. पुढच्या आठवड्यात आमच्या अंगणात सात बाया. मला तो प्रकार फार आवडला होता, हे इथे कबूल करते. नारळाचं खोबरं मिळायचं आणि शाळेत ज्याच्यासाठी मार पडतो त्याच्यासाठी इथे पायावर डोकं. रविवारी बाबांनी अंगणातल्या बायांना हात जोडून घरी पाठवलं, आत येऊन हळद-कुंकू केरात टाकलं आणि सोमवारी खाडा करून मला आणि आईला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तेव्हा बाबांचा राग आला होता. ते देवाधर्मातले असते तर माझ्या हृदयाच्या झडपा आज कुठल्या तरी देवळाच्या पायरीवर पडल्या असत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई जाड भिंगाच्या आणि खवचट. त्यांनी आपली दोन बोटं माझ्या मुठीत दिली. 'घट्ट धर.' मी धरली, हात सैल पडला, पुन्हा धरली, पुन्हा सैल. 'म्हैस पिळतेस का गं?' त्या म्हणाल्या. मग जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितली, ती काही राहिली नाही. मग छातीला नळी लावून इतका वेळ ऐकत बसल्या की मला वाटलं आत गाणी लागलीयत. शेवटी आईला विचारलं, दोन-तीन महिन्यांमागे हिचा घसा दुखला होता का? आई म्हणाली, 'पावसात घसा कुनाचा दुखत नाय?' तर तो घसाच मुळाशी होता. घसा बरा झाला, पण त्याची खोड मेंदूत आणि थोडी हृदयात जाऊन बसली होती. नाटक नाही, देवी नाही, आजार आहे, असं बाईंनी कागदावर लिहून गुरुजींसाठीही दिलं. पुन्हा घसा धरू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेखाली एक सुई, जिच्यानंतर दोन दिवस बाकावर एकाच कुल्ल्यावर बसावं लागायचं. आणि हात थांबायला छोट्या पांढऱ्या गोळ्या, स्टेरॉइडच्या, रोज सकाळी खाऊन झाल्यावर चार. त्या देताना बाईंनी चष्मा काढला. 'एक गोष्ट लक्षात ठेवा. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. बंद करायच्या वेळी मी सांगेन तशा एकेक करून उतरवायच्या.' हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं. बाबांनी ते घरी ताईकडून दोनदा वाचून घेतलं, कारण घरात दहावी पास तीच. गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेल्या, डबा शिंकाळ्यात, आणि गोळ्या द्यायचं काम ताईकडे, कारण आई उजाडायच्या आत कामाला जायची.

तीन आठवड्यांनी मी वहीत माझं नाव लिहिलं, सुजाता, आणि ते रेघेवर बसलं. मी वहीवर डोकं ठेवून रडले. ताई भाकऱ्या सोडून आली, नाव बघितलं आणि पिठाच्या हाताने माझं नाक पुसलं. आयुष्यात पुढे बऱ्याच ठिकाणी सह्या केल्या, पण तेवढा आनंद कुठल्याच सहीने दिला नाही.

हात थांबला आणि भूक सुटली. ती साधी भूक नव्हती. सकाळी तांदळाच्या तीन भाकऱ्या, तासाभरात चौथी, दुपारी टोपभर भात, वालाचं बिरडं असेल तर टोप चाटून. त्यातून बाईंनी मीठ कमी करायला सांगितलेलं, म्हणजे सुकट, जवळा, सुके बोंबील सगळं बंद. आमच्याकडे सुक्या मासळीवाचून जेवण म्हणजे निव्वळ शिक्षा. ताई चुलीत बोंबील भाजायला लागली की मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. दोन महिन्यांत माझं तोंड गोल गरगरीत झालं. डोळे गालांमागे गेले, मान कुठे गेली ते कळेना, आणि ओठावर बारीक लव आली ती वेगळीच. आई मात्र हरखली. आमच्यात माणूस जाडावला की बरा झाला, दुसरी परीक्षाच नाही. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, 'पोर कशी भरली गो तुजी,' आणि आई घागर उगाच हळूहळू भरायची. शाळेतल्या पोरांनी मात्र माझं नाव भोपळा ठेवलं, आणि लव बघितल्यावर भोपळेराव. जूनपासून मला किन्हवलीच्या हायस्कुलात जायचं होतं. तिथे नव्या पोरींसमोर हे तोंड घेऊन जायचं या विचाराने मला रडू फुटायचं.

आणि ताई होती वाळलेली. वीस वर्षांची, उंच, हाताची हाडं मोजून घ्यावीत अशी. दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांनी निरोप पाठवला, मुलगी हडकुळी आहे. दुसऱ्यांनी तर चहा पिता पिताच बाबांना विचारलं, 'हिला काय दुखनं बिखनं हाय काय?' ताई आत येऊन कपबशा घासायला बसली आणि एकच बशी किती तरी वेळ घासत राहिली. तिसरं स्थळ मुरबाडकडचं होतं. मुलाची स्वतःची जीप, मुरबाड-शहापूर भाडं मारायचा. ते लोक वालाचं पीक निघालं की येतो म्हणाले होते. म्हणजे महिनाभर हातात.

एका सकाळी आई वाल खुडायला गेलेली. ताईने डबा काढला, चार गोळ्या तळहातावर घेतल्या आणि माझ्यापुढे धरल्या. नजर मात्र माझ्या गालांवर. 'कशी लागते गो?' तिने विचारलं. 'कडू,' मी म्हटलं. मग माझ्या डोक्यात तो थोर विचार आला. इथे घरातली गोष्ट आणि माझी गोष्ट वेगळी होते, म्हणून नीट लिहिते. ताईने मागितली नाही. मी तिच्या हातातली एक गोळी उचलली आणि म्हटलं, 'खाऊन बघ की. माझं तोंड उतरंल, तुजं भरंल. दोघींचं काम होतंय.' ती म्हणाली, 'बाईंनी बंद करू नको सांगितलंय.' मी म्हटलं, 'एकदम बंद नको म्हनल्या. एकेक करून उतरवायच्या म्हनल्या. आपन उतरवू.' बघा, बाईंचंच वाक्य बाईंवर उलटवलं. ताई नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी गोळी तिच्या भाकरीत घालून दिली आणि तिने ती बघूनही भाकरी खाल्ली.

पहिला आठवडा एक तिला, तीन मला. मग दोन-दोन. शेवटचे आठ दिवस चारही तिला. माझा हात शांत होता, मला वाटलं मी बरी झालेच आहे, डॉक्टर लोक उगाच लांबवतात. ताईला भूक लागायला लागली. ती चुलीपाशी उभ्या उभ्या भाकरी संपवायची, आणि तिचे गाल खरोखर भरले. आई म्हणाली, 'कुंदीवर तेज चढलंय. स्थळ जमनार यंदा.' ताई पाण्याला जाताना आरशासमोर थांबायला लागली. पूर्वी कधी थांबायची नाही. मी तिच्या मागे उभी राहून स्वतःची हनुवटी शोधायची. दोघी इतक्या खूश होतो की त्या दिवसांत आमचं एकही भांडण झालं नाही.

रविवार ठरला. शुक्रवारपासून मला बरं नव्हतं. पाय जड, अंग दुखतंय, उठलं की डोळ्यांपुढे अंधार. आई म्हणाली, कच्च्या कैऱ्या खाल्ल्यास. ते खरंच होतं, त्यामुळे कोणी पुढे विचार केला नाही. शनिवारी ताप आला, उलट्या झाल्या. ताईने घाबरून डबा काढला आणि एक गोळी माझ्या जिभेवर ठेवली, ती पाचव्या मिनिटाला बाहेर. रविवारी सकाळी माझा उजवा हात गोधडीवर आपणहून उडाला. मी तो डाव्या हाताने दाबून धरला. ताईने ते बघितलं. 'बाबांना सांगू?' ती म्हणाली. मी म्हटलं, 'पावने गेले की सांग.' कारण सांगितलं तर मार मला बसणार होता, ताईच्या लग्नाचं वगैरे मी काही बघत नव्हते.

पाहुणे जीपनेच आले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मला मागच्या खोलीत झोपवून दार ओढून घेतलं होतं, पण कुडाची भिंत ती, सगळं ऐकू यायचं. मुलाच्या आईचा आवाज मोठा. नाव काय, शिक्षण किती, भात लावता येतो काय. मग ती म्हणाली, 'तब्येत बरी हाय हो पोरीची. आमाला कोनी सांगितलेलं, वाळकी हाय म्हनून.' बाबा हसले. बाबा पाहुण्यांसमोर हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले. मला त्याच वेळी उलटीची उबळ आली, मी बाहेर जायला उठले, आणि पुढचं मला सांगोवांगी ठाऊक आहे. मी हंड्यांच्या उतरंडीवर पडले, ती सगळी घेऊनच खाली गेले.

मी शुद्धीवर होते, नव्हते, असं काहीतरी. डोक्यावर माणसं दिसत होती. हात मनाला येईल तसा उडत होता, बाकी अंग ओल्या फडक्यासारखं. मुलाची आई म्हणाली, 'हिच्या अंगात येतं काय हो?' बाबा म्हणाले, 'नाय. आजार हाय. औषधं चालू हायत, एकबी दिवस चुकवत नाय आमी.' आणि मग ताईकडे वळून, 'आज गोळी दिलीस ना?' ताई नवी साडी नेसून दारात उभी. नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. पाहुण्यांसमोर पुन्हा कोणी विचारलं नसतं.

'नाय दिली,' ताई म्हणाली. 'आठ दिवस नाय दिली. त्या मी खाल्ल्या.'

'तू कशाला खाल्ल्या?'

'जाड व्हायला.'

मुलाच्या आईच्या हातात पोह्यांची बशी तशीच होती. तिने ताईच्या गालांकडे बघितलं. बाबांनी मला उचललं आणि जीपवाल्याकडे बघितलं. तो बिचारा उठला, चपला घालायच्या आधी किल्ली काढली. शहापूरला तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्याच्या नव्या पँटीवर दोनदा ओकले, तरी त्याने गाडी थांबवली नाही. तिथल्या डॉक्टरने ताप, उलटी, अशक्तपणा ऐकून सलाइन लावायला घेतली होती. बाबांनी डबा पुढे केला आणि सांगितलं, ह्या गोळ्या तीन महिने चालू होत्या, आठ दिवस बंद झाल्यात. डॉक्टर धावतच गेला आणि भरलेली सुई घेऊन आला. नंतर त्याने बाबांना सांगितलं, इतके दिवस गोळ्या घेतल्या की शरीर स्वतःचं ते औषध बनवणं सोडून देतं, एकदम तोडल्या की माणूस असा कोसळतो. 'तुम्ही हे सांगितलं नसतंत तर मी हगवण-उलटी समजून बसलो असतो, आणि रात्रीपर्यंत पोर गेली असती.' हे सगळं मी खाटेवर पडून ऐकलं. बाहेर व्हरांड्यात आईने ताईला दोन मुस्काटात दिल्या, तेही ऐकलं. मला तोंड होतं. मी डोळे मिटून घेतले.

जीपवाल्याकडून निरोप आला, पोरीचे गाल दवाखान्यातले आहेत, आम्हाला नको. बाबा चार रविवार ताईशी बोलले नाहीत. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी ताईलाही समोर बसवलं आणि विचारलं, 'तुझ्या एकदम बंद तर नाही केल्या ना?' मग आम्हा दोघींना कॅलेंडरवर रेघा मारून दिल्या. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी एकाच डब्यातून गोळ्या खायचो, मी जास्त, ती थोड्या, आणि आई समोर बसून दोघींची तोंडं उघडून बघायची. हायस्कुलात मी गेले तेव्हा तोंड बरंचसं ओळखीचं झालं होतं. ताईचे गाल तर त्याच्या कितीतरी आधी उतरले. दोन वर्षांनी तिचं लग्न मुरबाडला एका शिलाईच्या दुकानवाल्याशी झालं. त्याने हडकुळी वगैरे काही म्हटलं नाही, मापं घ्यायची सवय असल्यामुळे असेल.

आणि गोष्ट मात्र राहिली. सुरुवातीला शरमेची होती, मग हळूहळू विनोदाची झाली. 'कुंदीपासनं औषधं लपवा,' असं आमचे मामा म्हणायचे. ताई सगळ्यांबरोबर हसायची. बाबा गेले, त्यांनाही हीच गोष्ट माहीत होती. मी पाच-पन्नास वेळा ती ऐकली असेल, आणि दर वेळी पानातलं काहीतरी निवडत बसले. म्हातारपणी माणसं कबुलीजबाब देतात ते पुण्यासाठी, असं म्हणतात. मला पुण्याचं काही पडलेलं नाही, पण लाज वाटते, आणि ती वाढतच गेली.

गेल्या वर्षी ताईच्या लेकीचा साखरपुडा मुरबाडला झाला. पंगत बसली. आईला आता ऐकू कमी येतं, म्हणून ती मोठ्याने बोलते. तिने ताईच्या नव्या विहीणबाईंना गोष्ट सुरू केली, 'आमची ही कुंदी, बहिनीच्या गोळ्या खाल्ल्या हो हिनं, मरायला टेकली व्हती ती.' सगळे हसले. विहीणबाईही हसल्या, पण हसता हसता त्यांनी ताईकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. जीपवाल्याच्या आईने पोह्यांची बशी धरून बघितलं होतं, तसंच. ताई हसत होती, हातातला घास तसाच.

'तिनं नाय खाल्ल्या,' मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. 'मी चारल्या. तिनं दोन दिवस नाय म्हटलं. मीच भाकरीत घालून दिल्या.'

आईला नीट ऐकू आलं नाही. मला ते सगळं पुन्हा, आणखी मोठ्याने सांगावं लागलं. पंगतीतल्या लोकांनी जेवायचं थांबवलं. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, 'पस्तीस वर्सं लागली गो तुला,' आणि माझ्या पानात तिच्या पानातला बोंबील टाकला.

आई अजून ताईकडेच बघत होती. 'मंग तवाच का नाय बोललीस गो कुंदे? मी तुला मारली ना तितं, सगल्यांसमोर.'

'तिचा हात बघितला व्हतास ना तू?' ताई म्हणाली. 'तिला पेला धरवत नव्हता तवा. तिला कुटं मारनार व्हतीस?'